मराठी वाक्याला संदर्भमुक्त व्याकरण पुरतं का?

तळटीप | शनिवार, सकाळी ८:४०

संगणकाला मराठी वाक्याची फोड करायला शिकवायची, तर नियम किती ताकदीच्या व्याकरणात लिहावे लागतील? भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५६ मध्ये मांडलेली व्याकरणांच्या ताकदीची उतरंड इथे बहुतेकांना माहीत आहे. तळाला नियमित व्याकरण, ज्याची आठवण ठरावीक मापाची. त्यावर संदर्भमुक्त, म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री. त्याला एक स्टॅक मिळतो: ताटांच्या चवडीसारखं शेवटी ठेवलेलं आधी निघतं. त्यावर संदर्भनिष्ठ, ज्याचा नियम आजूबाजूला काय आहे ते बघून लागतो, आणि सगळ्यात वर कसलंच बंधन नसलेलं.

नियमित व्याकरण पुरत नाही हे ‘जर–तर’ आणि ‘जरी–तरी’ एकमेकांच्या पोटात घालून दाखवता येतं. माझं म्हणणं पुढचं आहे. मराठी संदर्भमुक्तही नाही. हा पुरावा:

ज्या मुलाने ज्या मुलीला ज्या दिवशी पाहिलं, त्या मुलाने त्या मुलीला त्याच दिवशी होकार कळवला.

पहिल्या ‘ज्या’ची जोडी पहिल्या ‘त्या’शी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, तिसऱ्याची तिसऱ्याशी. रेघा काढल्या तर एकमेकींना छेदतात. स्टॅकला फक्त एकात एक बसणाऱ्या जोड्या जमतात, छेदणाऱ्या नाहीत. चूक दिसली तर दाखवा.

मुळाक्षर | शनिवार, सकाळी ९:२५

वाक्य सुंदर आहे, पण पुरावा होत नाही. कारणं दोन.

पहिलं, ‘ज्या’ची संख्या अमर्याद वाढत नाही. एका उपवाक्यात कर्ता, कर्म, काळ, स्थळ, साधन अशी मोजकी पदं असतात. पाच-सहा जोड्या हीच मर्यादा असेल तर प्रत्येक शक्यता नियमांत लिहून काढता येते, आणि मर्यादित यादी तर नियमित व्याकरणातही बसते. छेद कितीही दिसले तरी ते हवे तितके वाढवता आले पाहिजेत.

दुसरं, मुख्य वाक्यात ‘त्या मुलीला त्या मुलाने’ असा क्रम केला तरी वाक्य शुद्धच राहतं. छेद सक्तीचा नसेल तर शब्दांच्या माळेवरून काहीच सिद्ध होत नाही.

पिंपळपान | शनिवार, सकाळी १०:०२

मग ‘अनुक्रमे’ घ्या. ‘राम, शाम आणि गीता अनुक्रमे पुणे, नाशिक आणि नागपूरला गेले.’ इथे माणसं आणि गावं हवी तितकी वाढवता येतात, संख्या सारखी लागते आणि क्रमही बदलता येत नाही.

मुळाक्षर | शनिवार, सकाळी १०:३१

@पिंपळपान, इंग्रजीसाठी हाच युक्तिवाद बरीच वर्षं चालत होता. पुलम आणि गाझदार यांनी १९८२ मध्ये असे सगळे पुरावे एकेक करून तपासले आणि त्यांतला एकही टिकला नाही. तीन माणसं आणि दोनच गावं लिहिली तर ती मोजणीतली चूक होते, व्याकरणातली नाही. ‘ती मुलं अनुक्रमे पुणे, नाशिक आणि नागपूरला गेली’ हे वाक्य चोख आहे, आणि त्यात माणसं मोजताच येत नाहीत.

याच लेखातला आणखी एक धडा: भाषेचा एखादा तुकडा संदर्भमुक्त नसला म्हणून पूर्ण भाषा तशी ठरत नाही. अक्षरांची वाट्टेल ती माळ चालते, अशी भाषा नियमित असते, आणि जगातला प्रत्येक अवघड तुकडा तिच्या पोटात असतोच. म्हणून तुकडा हाताने निवडून भागत नाही. पूर्ण भाषा एखाद्या नियमित साच्यातून गाळून जे उरेल ते तपासायचं. संदर्भमुक्त भाषा नियमित साच्यातून गाळली तर संदर्भमुक्तच राहते. राहिली नाही, तर मूळ भाषाही तशी नव्हती.

यणसंधी | शनिवार, सकाळी ११:१५

पाणिनीचा उल्लेख अजून झाला नाही. ‘इको यणचि’ (६.१.७७; पुढे स्वर असेल तर इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल) हे सूत्र सरळसरळ संदर्भनिष्ठ आहे. ‘इकः’ षष्ठी, म्हणजे ज्याच्या जागी बदल होतो ते. ‘यण्’ प्रथमा, म्हणजे जे येतं ते. ‘अचि’ सप्तमी, म्हणजे पुढे जे असायला हवं ते. मागचा संदर्भ सांगायचा असेल तर पंचमी. विभक्तीलाच नियमाची खूण करणारी ही योजना पाहिली की भाषेला संदर्भ लागतोच हे उघड होतं.

मुळाक्षर | शनिवार, सकाळी ११:५०

सूत्राची मांडणी अगदी बरोबर सांगितलीत, पण निष्कर्ष मान्य नाही. नियम कसा लिहिला आहे आणि त्याची ताकद किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अमुकच्या जागी तमुक, पुढे ढमुक असताना’ असा नियम स्वतःच्याच निकालावर पुन्हा लावला नाही, नुसता माळेवरून एकदा फिरवला, तर त्याची ताकद नियमित व्याकरणापुरतीच राहते. जॉन्सनने हे १९७२ मध्ये दाखवलं. कॅप्लन आणि के यांनी १९९४ च्या लेखात त्याची पूर्ण बीजगणिती मांडणी केली. असे शंभर नियम एकापुढे एक जोडले तरी त्यांचं मिळून एकच सांत यंत्र (ठरावीक मापाच्या आठवणीचं यंत्र) करता येतं. संधी आणि सामान्यरूप दोन्ही तिथेच बसतात.

कौलारू | शनिवार, दुपारी १२:२०

+१. मराठी शब्दरूपांसाठी फोमासारखं, सांत यंत्रं बनवणारं साधन पुरतं. ‘भाऊ–भावाला’, ‘पाणी–पाण्याला’, ‘विहीर–विहिरीला’ हे सगळं ट्रान्सड्यूसरमध्ये, म्हणजे एक माळ वाचून दुसरी लिहिणाऱ्या सांत यंत्रात होतं. चूक होते ती नियमांच्या क्रमात. ‘विहीर’मधला दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व करणारा नियम सामान्यरूपाचा ‘ई’ लागायच्या आधी ठेवला तर त्याला पुढे काही सापडत नाही आणि यंत्र ‘विहीरीला’ देतं. आधी ‘ई’ जोडा, मग उपान्त्य ऱ्हस्व करा, शेवटी ‘ला’.

‘घरासमोरच्याला’सारखी लांबण बघून घाबरू नये. घर, आ, समोर, च्या, ला. ‘च्या’नंतर पुन्हा शब्दयोगी येऊ शकतं, म्हणजे चक्र आहे, पण ते फक्त उजवीकडे वाढतं. मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून नियमितच.

अर्धविराम | शनिवार, दुपारी १:०५

@कौलारू, एक अपवाद: चहाबिहा, गाडीबिडी, पुस्तकबिस्तक. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ आणि उरलेल्या शब्दाची प्रत. शब्दकोश ठरलेला असेल तर सगळ्या जोड्या यंत्रात भरता येतात, फक्त यंत्र फुगतं. पण मराठी माणूस आज ऐकलेल्या नव्या शब्दालाही ‘बि’ लावतो. कितीही लांबीच्या अनोळखी शब्दाची प्रत काढणं एकाच दिशेने जाणाऱ्या सांत यंत्राला जमत नाही. वाचणारं टोक मागे नेऊ देणारं दुतर्फा यंत्र घेतलं तर जमतं. सरावात मात्र एक खाच आहे: ‘बिस्किट’, ‘बिबट्या’ अशा शब्दांना हाच नियम लावला तर प्रत हुबेहूब मूळ शब्दासारखी येते, त्यामुळे पार्सर, म्हणजे फोड करणारा प्रोग्राम, तिला निव्वळ द्विरुक्ती समजतो.

प्रतीचा खरा पुरावा मालीमधल्या बाम्बारा भाषेतला आहे. ‘वुलु’ म्हणजे कुत्रा, ‘वुलु ओ वुलु’ म्हणजे कुठलाही कुत्रा. आपल्या ‘घरोघर’ची आठवण होते, पण ‘घरोघर’, ‘दारोदार’ ही मोजकी रूपं आहेत. बाम्बारात ‘कुत्रा शोधणारा’, ‘कुत्रा शोधणाऱ्याला शोधणारा’ असे समास हवे तितके वाढतात, आणि ‘ओ’च्या दोन्ही बाजूंना तोच लांबलचक समास जसाच्या तसा लागतो. कायलीने १९८५ मध्ये यावरून दाखवलं की बाम्बाराचा शब्दसंग्रहच संदर्भमुक्त नाही.

तळटीप | शनिवार, दुपारी ३:४०

@मुळाक्षर, जो–तो मागे घेतो. पण मग खरा, टिकलेला पुरावा वाक्यरचनेत कुठला?

मुळाक्षर | शनिवार, संध्याकाळी ५:१०

स्विस जर्मन. शीबर, १९८५. उच्चार ढोबळ लिहितो:

यान सैत दस मर द’खिंड एम हान्स एस हूस लोन्द हेल्फे आश्त्रीखे.

अर्थ: यान म्हणतो की आम्ही मुलांना हान्सला घर रंगवायला मदत करू देतो. शब्दक्रम असा: मुलांना, हान्सला, घर, मग देतो, मदत करू, रंगवायला. पहिलं नाम पहिल्या क्रियापदाचं, दुसरं दुसऱ्याचं, तिसरं तिसऱ्याचं. आता विभक्ती बघा. ‘लोन्द’ला द्वितीया लागते, ‘हेल्फे’ला चतुर्थी, ‘आश्त्रीखे’ला द्वितीया. विभक्ती चुकली तर वाक्य अशुद्ध. आधी सगळी द्वितीयेची नामं, मग चतुर्थीची, आणि क्रियापदंही त्याच क्रमाने, असा साचा लावून भाषा गाळली की उरतं हे: द्वितीयेची नामं जितकी, तितकीच द्वितीया मागणारी क्रियापदं, आणि चतुर्थीची नामं जितकी, तितकीच चतुर्थी मागणारी. चार गट, पहिला तिसऱ्याएवढा, दुसरा चौथ्याएवढा. पंपिंग लेमा (संदर्भमुक्त भाषेतल्या लांब माळेत असा एक लहान तुकडा असतोच, जो फुगवला किंवा काढला तरी माळ भाषेतच राहते) लावला की काम संपतं: माळेचा लहानसा तुकडा फुगवला तर तो शेजारच्या दोन गटांपलीकडे पोचत नाही, म्हणून एक तरी जोडी बिघडतेच.

डच भाषेतही असेच छेद आहेत, पण तिथे नामांना विभक्तीची खूण नाही. त्यामुळे नुसत्या माळेवरून जोड्या ओळखता येत नाहीत. डच वाक्यांची रचना योग्य दाखवायला संदर्भमुक्त व्याकरण अपुरं आहे, पण माळा तयार करायला ते पुरू शकतं. माळा देण्याची ताकद वेगळी आणि रचना देण्याची ताकद वेगळी, हा फरक धाग्याच्या पहिल्या प्रश्नातच हवा होता.

दोन_ओळी | शनिवार, संध्याकाळी ६:००

मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे आपलं जर्मनसारखं घरटं. ‘आईने बाबांना दादाला ताईला आणायला पाठवायला सांगितलं.’ ताईला आणायला, दादाला पाठवायला, बाबांना सांगितलं: आतून बाहेर. छेद नाही.

यणसंधी | शनिवार, संध्याकाळी ७:२०

यावर शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. शीबरचा सगळा पुरावा ज्या भेदावर उभा आहे, तो भेद मराठीच्या रूपांत उरलेलाच नाही. @दोन_ओळी यांच्या वाक्यात नामांची अदलाबदल केली तरी माळ तशीच दिसेल: तीन नामं, तिन्हींना ‘ला’ किंवा ‘ना’. कोण कोणाला आणणार ते बदलेल, वाक्य अशुद्ध होणार नाही.

अर्धविराम | शनिवार, रात्री ८:४५

‘ला’ विरुद्ध ‘ला’ नको, ‘ला’ विरुद्ध ‘कडून’ घ्या. ‘लावणे’ला ‘ला’ लागतो, ‘करून घेणे’ला ‘कडून’.

आईने दादाला ताईकडून भांडी घासून घ्यायला लावलं.

हे घरटं झालं. पण मराठीत पदं हलतात: ‘आईने ताईकडून दादाला भांडी घासून घ्यायला लावलं.’ आता ‘कडून’ पहिला, ‘ला’ दुसरा, क्रियापदांतही ‘घेणे’ पहिलं, ‘लावणे’ दुसरं. छेद, आणि तोही रूपावरून ओळखू येणारा.

दोन_ओळी | शनिवार, रात्री ९:०५

पण मराठीत पदं गाळताही येतात. ‘आईने भांडी घासून घ्यायला लावलं’ हे पुरतं. संख्या सारखी असायची सक्तीच नाही, म्हणजे पुरावा गेला.

मुळाक्षर | शनिवार, रात्री ९:५०

@दोन_ओळी, गाळण्याने पुरावा जात नाही. ‘सारखी’च्या जागी ‘त्याहून जास्त नाही’ ठेवा: ‘कडून’ची नामं ‘घेणे’च्या क्रियापदांहून जास्त नकोत, ‘ला’ची नामं ‘लावणे’च्या क्रियापदांहून जास्त नकोत. चारही गट काठोकाठ सारखे असलेली माळ घ्या. तुकड्यात नाम असेल तर तो फुगवा: त्या नामाचं क्रियापद दोन गट पलीकडे आहे, ते सोबत वाढत नाही. तुकड्यात फक्त क्रियापदं असतील तर तो काढून टाका: नामं जास्त होतात. दोन्हीकडून लेमा मोडतो. पदं गाळता येणाऱ्या भाषांबद्दल हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे.

@अर्धविराम यांच्या वाक्याची अडचण दुसरी आहे. ‘ताईकडून दादाला’ म्हटलं की ‘ताईच्या मार्फत दादाला’ असं ऐकू येतं. ‘कडून’ मग कुठल्याही क्रियापदाने न मागितलेलं मोकळं पद होतं. मोकळी पदं हवी तितकी येऊ शकली तर ‘जास्त नकोत’ हे बंधनही उरत नाही.

कौलारू | रविवार, सकाळी ७:३०

मार्फतचा अर्थ टाळायला शिंपी घ्या. ‘आईने शिंप्याकडून दादाला सदरा शिवून घ्यायला लावलं.’ शिवणारा शिंपीच.

पण यातही खोट सापडते, आणि ती मूळचीच आहे. ‘लावणे’वर ‘लावणे’ चढवता येतं: लिहायला लावायला लावलं. कानाला जड, पण व्याकरणात बसतं. ‘घेणे’वर ‘घेणे’ चढत नाही. ‘शिवून घेऊन घेतलं’ याचा अर्थच बदलतो, आणि ‘लावून घेतलं’ म्हटलं की दार लावून घेतलं असंच ऐकू येतं. म्हणजे अशा वाक्यात ‘कडून’ मागणारं क्रियापद एखादंच. एक गट वाढत नसेल तर चार गटांचा पुरावा उभाच राहत नाही.

अर्धविराम | रविवार, सकाळी ८:१०

मान्य. ‘घेणे’ची ही मर्यादा लक्षात आली नव्हती. या वाटेने मराठी संदर्भमुक्त नाही असं सिद्ध होत नाही.

पिंपळपान | रविवार, सकाळी ९:४०

मग पदं हलण्याचा प्रश्न सुटला का? जर्मनमध्येही पदं लांबवर हलतात. बेकर, रॅम्बो आणि निव यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ते हलणं निर्बंध मानलं आणि कोणतं नाम कोणत्या क्रियापदाचं हेही रचनेत दाखवायचं ठरवलं, तर स्विस जर्मनला पुरणारी व्याकरणंही अपुरी पडतात.

यणसंधी | रविवार, सकाळी ११:००

‘स्विस जर्मनला पुरणारी व्याकरणं’ म्हणजे काय, हे मराठी धाग्यावर सांगायलाच हवं, कारण त्यांचे जनक अरविंद जोशी यांचा जन्म पुण्याचा, १९२९ चा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी १९७५ मध्ये लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासह वृक्षजोड व्याकरण मांडलं, ज्याला टॅग म्हणतात. नियमांऐवजी लहान लहान झाडं घ्यायची. एका झाडाच्या टोकाला दुसरं चिकटवता येतं, ही पहिली क्रिया. दुसरी क्रिया महत्त्वाची: झाड मधोमध कापून, त्या फटीत दुसरं झाड बसवून, कापलेला खालचा भाग नव्या झाडाच्या पायाला जोडायचा. एकाच वेळी दोन ठिकाणी वाढ होते, म्हणून छेद जमतात. प्रत्येक क्रियापद आपल्या नामांसकट एकाच झाडात राहतं, त्यामुळे कोण कोणाचं हे कधीच हरवत नाही.

ताकद मुद्दाम मोजून ठेवलेली आहे. क, ख, ग, घ हे चार गट सारख्या संख्येने देता येतात, पाच नाही. एका माळेची एक प्रत देता येते, दोन प्रती नाही. जोशींनी १९८५ मध्ये या वर्गाला जे नाव दिलं त्याचं मराठी ‘सौम्य संदर्भनिष्ठ’ असं करता येईल. विजय-शंकर आणि वेअर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं की टॅग आणि त्याच काळातली आणखी तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली व्याकरणं अगदी सारख्याच ताकदीची आहेत. चौघे चार दिशांनी निघून एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा त्या ठिकाणाला काही अर्थ असतो असं मला ठामपणे वाटतं.

अवांतर: जोशींचा १९८२ चा एक लेख मराठी–इंग्रजी मिसळीवर आहे. चौकट मराठीची असते आणि तुकडे इंग्रजीचे शिरतात, उलट होत नाही. आणि शब्दयोगी, संख्यावाचक, सहाय्यक क्रियापद असे मोजक्या संचातले शब्द एकेकटे बदलत नाहीत. ‘टेबलवर ठेव’ चालतं, ‘ऑन खुर्ची ठेव’ कोणी म्हणत नाही.

कौलारू | रविवार, दुपारी १२:१५

किंमतही बघा. संदर्भमुक्त पार्सरचा वेळ शब्दसंख्येच्या घनाने वाढतो, टॅगचा सहाव्या घाताने. २० शब्दांचं वाक्य: एकीकडे ८,०००, दुसरीकडे ६ कोटी ४० लाख. हे सर्वात वाईट स्थितीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात श्रीनिवास बंगलोर आणि जोशी यांनी १९९९ च्या लेखात सविस्तर मांडलेल्या सुपरटॅगिंगने बराच बोजा उतरतो: पार्सरच्या आधीच प्रत्येक शब्दाला संभाव्य झाड नेमून द्यायचं.

दोन_ओळी | रविवार, दुपारी १:००

आणि घरटी तरी खरोखर किती खोल जातात? कार्लसनने २००७ मध्ये युरोपीय भाषांचे मजकूर तपासले. लिखाणात मधल्या घरट्यांची कमाल खोली तीन, बोलण्यात त्याहून कमी. तीनच पातळ्या असतील तर तत्त्वतः सांत यंत्रसुद्धा पुरतं.

मुळाक्षर | रविवार, दुपारी १:४०

पुरतं, पण प्रत्येक पातळीसाठी तेच नियम पुन्हा लिहावे लागतात, आणि एक नियम बदलला की तीन ठिकाणी बदलावा लागतो. नियम थोडक्यात मांडता येणं हाही ताकदीचाच भाग आहे.

तळटीप | रविवार, संध्याकाळी ४:३०

आता मूळ प्रश्न व्यवहारात: नियम लिहायला बसलं तर कुठून सुरुवात करावी?

कौलारू | रविवार, संध्याकाळी ६:५०

शब्दरूपं फोमात. वाक्य संदर्भमुक्त नियमांत, पण प्रत्येक पदाला लिंग, वचन, पुरुष, प्रत्यय ही लक्षणं जोडून. लक्षणांच्या किमती मोजक्या ठेवल्या की ताकद संदर्भमुक्तच राहते. लक्षणांऐवजी नियमांच्या प्रती काढायला गेलात तर ३ लिंगं, २ वचनं, ३ पुरुष म्हणजे १८ प्रती. कर्ता आणि कर्म दोघांच्या धरल्या तर ३२४.

क्रम वेगळा लिहा. ‘वाक्यात ही पदं असतात’ हा एक नियम, ‘क्रियापद शेवटी’ हा दुसरा. क्रियापद सोडून चार पदं असतील तर २४ क्रम एका नियमात येतात.

सर्वात जास्त चुका भूतकाळात होतात. ‘रामाने चिंच खाल्ली’ म्हणून ‘क्रियापद कर्माप्रमाणे’ असा नियम लिहिला जातो. मग ‘रामाने रावणाला मारलं’ अडतं, कारण कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जातं. ‘मी चिंच खाल्ली’ अडतं, कारण मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही. आणि ‘तू चिंच खाल्लीस’ तर हमखास अडतं: ‘ई’ चिंचेची, ‘स’ तूचा. एकाच क्रियापदावर दोघांची खूण. दोन वेगळी लक्षणं ठेवा, एक कर्माशी जुळणारं, एक कर्त्याशी.

‘भांडी घासायला लावलं’ आणि ‘भांडी घासायला लावली’ दोन्ही ऐकू येतात. दुसऱ्यासाठी ‘घासायला’ने भांड्यांचं लिंग-वचन वर पोचवावं लागतं. तेवढी वाट ठेवा.

पिंपळपान | रविवार, रात्री ८:२०

‘तू चिंच खाल्ली’ हेही बोलण्यात सर्रास आहे. तो ‘स’ सक्तीचा केला तर बोलीतली अर्धी वाक्यं पार्सर नाकारेल.

कौलारू | रविवार, रात्री ८:३५

बरोबर. कर्त्याचं लक्षण रिकामं राहू द्या. फक्त ‘स’ आला तर कर्ता ‘तू’च हवा, म्हणजे ‘रामाने चिंच खाल्लीस’ अडेल आणि ‘तू चिंच खाल्ली’ सुटेल.